गाणं कुणाचं? : गावाकडच्या गाण्याच्या इतिहासातले काही टप्पे



आजचा लेख एका चुकीपासून सुरू होतो. चूक माझीच आहे, म्हणून आधी ती सांगते.

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात 'आपलं गाव, आपलं गाणं' असा एक छोटा कार्यक्रम बसवला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी मारुंजीच्या जुन्या गावठाणात राहते. लग्न होऊन आली तेव्हा इथं भाताची खाचरं होती. आता तिच्या घराच्या मागं बारा मजली इमारत आहे आणि जातं तुळशीजवळ पडून आहे. घरात कुणाचं लग्न निघालं की हळद दळायला तेवढं बाहेर येतं. मी मोबाईल घेऊन आजींकडे गेले, त्यांनी सात-आठ ओव्या म्हटल्या, मी रेकॉर्ड केल्या. मुलींनी त्या ओव्यांवर अभिनय केला. टाळ्या भरपूर पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर आजी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्या पोरानं माइकात काय सांगितलं, कुणाचं गाणं म्हणून?"

सूत्रसंचालनाचा कागद मीच लिहून दिला होता. त्यात होतं, 'आता ऐकूया एक पारंपरिक ओवी.'

आजी म्हणाल्या, "पाच ओव्या माझ्या आईच्या हायेत. दोन मी जुळवल्यात, ही पोटात असताना." असं म्हणून त्यांनी आपल्या मुलीकडे बोट दाखवलं. "मग पारंपरिक कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रागावल्या नव्हत्या त्या, सहज विचारलं होतं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी लोकगीतांच्या इतिहासाचं जमेल तसं वाचन केलं आणि लक्षात आलं, की आजींचा प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या मध्यभागी उभा आहे. गाणं टिकतं कसं आणि त्याबरोबर नाव कुणाचं टिकतं? हाच धागा धरून काही महत्त्वाचे टप्पे इथं मांडते. चौथीच्या 'शिवछत्रपती'च्या पुस्तकाला आणि मराठीच्या तासालाही हे जोडून घेता येईल.

पहिली नोंद : गाणं आहे, नाव नाही

ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. काळ साधारण 1131. राजाचं जेवण, खेळ, शिकार, संगीत अशी सगळी माहिती त्यात आहे. त्यातच एक बारीकसा उल्लेख येतो, की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात.

म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीसुद्धा हे गाणं इतकं प्रसिद्ध होतं, की राजाच्या ग्रंथात त्याला जागा मिळाली. पण गाणाऱ्या बाईचं नाव नाही. ती फक्त 'बायका' म्हणून आली. राजाचं नाव मात्र ग्रंथावर आहे.

मुलांना हे सांगताना मी फळ्यावर दोन रकाने करते, 'गाणं' आणि 'नाव'. पहिल्या रकान्यात लिहिते 'ओवी', दुसरा रिकामा ठेवते. पुढचा सगळा तास हा दुसरा रकाना भरतो का, हे बघत जायचं असतं.

शाहिरांची युक्ती : शेवटच्या कडव्यात नाव

आता 1659 कडे येऊ. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. या प्रसंगावर अगीनदास किंवा अज्ञानदास नावाच्या शाहिराने पोवाडा रचला. आज आपल्याला उपलब्ध असलेल्या पोवाड्यांमध्ये तो सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. 1670 मध्ये सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यावरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडाही असाच प्रसिद्ध आहे.

इथं मुलं हमखास विचारतात, "मॅडम, त्यांचं नाव कसं कळलं? तेव्हा तर पुस्तक छापत नव्हते."

उत्तर सोपं आहे. शाहिरानं आपलं नाव गाण्यातच गुंफून ठेवलं. याला नाममुद्रा म्हणतात. पोवाडा डफ-तुणतुण्यावर गायचा, मागं झीलकरी 'जी जी' म्हणत साथ देणार, आणि शेवटाकडे शाहीर आपलं नाव, कधी गुरूचं नाव, कधी गावाचं नावही सांगून टाकणार. पुढच्या पिढीतल्या गायकाला ते गाळता येत नाही, कारण नाव काढलं तर कडवंच मोडतं. कागद नसताना नाव टिकवायची ही फार हुशार व्यवस्था होती. संत जनाबाईंच्या अभंगातही त्यांचं नाव असंच शेवटी येतं. दळण-कांडण करणारी ती बाई आपल्याला नावानिशी माहीत आहे, त्याचं एक कारण हे आहे.

पेशवाईत होनाजी बाळा, संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम यांनी लावणी आणि पोवाडा बहरात आणला. ही सगळी नावं आपल्याला पाठ आहेत. जात्यावरच्या ओवीत मात्र अशी मुद्रा सहसा नसते. ती भल्या पहाटे, दोन बायका समोरासमोर बसून, एकीनं सुरू केलेली दुसरीनं पुढं नेत म्हटली जायची. ऐकायला दरबार नव्हता, बिदागी नव्हती. ओवीत नाव येतं ते भावाचं, लेकीचं, विठ्ठलाचं. गाणारीचं नाही.

1891 : तोंडातलं गाणं छापखान्यात

पुढचा टप्पा छपाईचा. 1869 मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. म्हणजे शाहिरी आता डफावरून थेट छापील पानावर आली. कष्टकरी माणसाला इतिहास सांगायचा तर त्याच्या ओळखीच्या चालीत सांगावा, हा त्यामागचा विचार.

1891 मध्ये हॅरी अॅक्वर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह काढला. तोवर हे पोवाडे गोंधळी आणि शाहीर यांच्या पाठांतरात होते. म्हातारा शाहीर गेला की त्याच्याबरोबर पोवाडाही जायचा. 1894 मध्ये अॅक्वर्थ यांनी काही पोवाड्यांचं इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केलं.

या पुस्तकामुळे रचणाऱ्यांची नावं पक्की झाली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाठ करून ते पोवाडे टिकवले, ते गोंधळी मात्र पुन्हा 'गोंधळी' एवढंच राहिले. आपल्या फळ्यावरचा रकाना अर्धा भरला, अर्धा रिकामा.

ध्वनिमुद्रण आलं

1902 मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळातल्या तबकड्यांवर एक गंमत ऐकू येते. गाणं संपता संपता कलाकार स्वतःचं नाव सांगतो. गौहर जान आपलं नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या तयार व्हायच्या परदेशात, तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे ओळखू यावं म्हणून ही सोय. नकळत ती शाहिराची नाममुद्राच झाली!

आता 1927 हे साल लक्षात ठेवा. 23 जुलै 1927 ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. दोनच दिवसांनी, 25 जुलैला, अमेरिकेतल्या ब्रिस्टल नावाच्या लहान शहरात राल्फ पीअर नावाच्या माणसानं डोंगराळ भागातल्या गायकांना बोलावून त्यांची गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. ज्याला आज 'कंट्री म्युझिक' म्हणतात, त्या तिकडच्या गावाकडच्या गाण्याच्या इतिहासात हे बारा दिवस फार मोठे मानले जातात. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे त्यातूनच पुढं आले. आमच्याकडे हिंजवडीमुळे बरेच पालक परदेशी जाऊन आलेले असतात. त्यांच्याकडे या गाण्यांचा विषय काढला तर मुलांना ऐकायलाही मिळतील.

मला त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी फार जवळची वाटली. कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर नंतर नवी गाणी गोळा करायला डोंगरवस्त्यांत फिरू लागले. ते शब्द उतरवून घ्यायचे. चाल लक्षात ठेवायचं काम त्यांच्याबरोबर फिरणारे लेस्ली रिडल करायचे. रिडल कृष्णवर्णीय होते, गिटार उत्तम वाजवायचे, आणि एकदा ऐकलेली चाल त्यांच्या डोक्यात बसायची. तबकड्यांवर नाव मात्र ए. पी. कार्टर यांचं लागलं. ज्या घरांतून गाणी घेतली त्यांचं नाव नाही, रिडल यांचंही नाही. माईक सीगर या गायक-संग्राहकानं 1960 च्या दशकात त्यांना शोधून काढलं, तेव्हा कुठं त्यांचं स्वतःचं गाणं-वाजवणं मुद्रित झालं. म्हणजे समुद्रापलीकडेही आजींचाच प्रश्न होता!

तमाशा : नावाऐवजी गाव

पुन्हा आपल्याकडे येऊ. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. ब्राह्मण घरात जन्मूनही जातीचे निर्बंध झुगारून ते तमाशात आले. त्यांच्या लावण्यांच्या शेवटी 'पठ्ठे बापूराव' हे नाव येतं. पण त्या लावण्या लोकांच्या मनात बसल्या त्या पवळाबाईंच्या आवाजामुळे. लिहिणाऱ्याचं नाव कागदावर राहिलं, गाणारीचं नाव आठवणीत. बापूराव 1945 मध्ये पुण्यात हलाखीत गेले, हेही मुलांना सांगायला हवं. नाव राहणं म्हणजे पोट भरणं नव्हे.

चाकणवरून नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर, मंचर ओलांडलं की नारायणगाव लागतं. याला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्रातल्या जत्रांचा हंगाम आला की तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला आणि भाऊंच्या कन्या विठाबाई नारायणगावकर म्हणजे तमाशासम्राज्ञी. 2002 मध्ये त्या गेल्या. राज्य सरकार आज त्यांच्या नावानं तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं.

तमाशातल्या आडनावांकडे मुलांचं लक्ष वेधा. नारायणगावकर, वाईकर, सातारकर. जातीवरून हिणवल्या गेलेल्या कलाकारांनी गावाचंच नाव लावलं आणि गावाला ओळख मिळवून दिली. बैठकीच्या लावणीच्या यमुनाबाई वाईकर यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्याबरोबर वाईचंही नाव झालं.

सिनेमानं हे गाणं आणखी लांब नेलं. 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. चित्रपटाच्या लावणीला गीतकार, संगीतकार, गायिका असं सगळं श्रेय पाटीवर असतं. ही चांगलीच गोष्ट. फक्त ज्या फडांतून तो ठसका शिकला गेला, त्यांची पाटी नसते.

बहिणाबाई : लिहून घेणारा मुलगा

1952 साल. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आदल्या वर्षीच्या डिसेंबरात गेल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा, कवी सोपानदेव, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्यातली काही उतरवून ठेवली होती. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं.

आता विचार करा. ती वही नसती तर? त्या ओळी आसोद्या-जळगावच्या दहा-वीस बायकांच्या तोंडी राहिल्या असत्या आणि आज कुठल्यातरी संमेलनात माझ्यासारख्या शिक्षिकेनं 'आता ऐकूया एक पारंपरिक ओवी' असं सांगितलं असतं. बहिणाबाई आणि 'पारंपरिक' यांच्यात फरक होता तो एका वहीचा.

मुळशीच्या डोंगरातून लाख ओव्या

शेवटचा टप्पा तर आपल्या घरचाच आहे. मारुंजी ज्या मुळशी तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातला.

साने गुरुजींनी घरोघरच्या बायकांकडून ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केलं होतं. डॉ. सरोजिनी बाबर यांनीही लोकसाहित्य समितीतर्फे मोठं काम केलं. 1980 च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ हे दोघे पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांत सामाजिक काम करत होते. बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्या गोष्टी या सभेत बोलत नाहीत त्या ओवीत बोलतात. सासरचा जाच, नवऱ्याचा मार, मुलीच्या जन्माचं दुःख, आळंदीची वाट, आंबेडकरांविषयीची कृतज्ञता, सगळं. त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. मुळशीतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायका स्वतः या कामात उतरल्या. पुढं बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची जोड दिली. एक हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या! 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होऊ लागल्या.

तिथली एक ओवी उघडून बघा. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, काम अशी माहिती दिलेली असते. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे अशी नावं तिथं वाचायला मिळतात. 'मानसोल्लास'मध्ये जी फक्त 'बायका' होती, तिला नऊशे वर्षांनी नाव आणि गाव मिळालं. फळ्यावरचा दुसरा रकाना इथं भरतो.

आणि हे अगदी वेळेवर झालं. गावात पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि जातं थांबलं तशी ओवीची रोजची वेळच गेली. गिरणी वाईट नाही. पहाटे तीनला उठून दळण दळायचे कष्ट संपले, ते कुणालाच परत नकोत. पण गाणं त्या कष्टाला बांधलेलं होतं, म्हणून ते वेगळं सोडवून घ्यावं लागतं.

मग 'पारंपरिक' म्हणायचंच नाही का?

म्हणायचं, पण आळसानं नाही. लोकगीत एकाच माणसाचं नसतं हे खरं आहे. आईकडून लेकीकडे जाताना शब्द बदलतात, ओळ वाढते. आजींच्या सात ओव्यांतल्या पाच त्यांच्या आईच्या, आणि आईनं त्या कुणाकडून घेतल्या हे आता सांगता येणार नाही. तेवढ्यापुरता 'पारंपरिक' हा शब्द बरोबर. पण दोन ओव्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि सातही ओव्या टिकल्या त्या त्यांच्या आठवणीमुळे. नेमकी ही माहिती माझ्या एका शब्दाखाली झाकली गेली.

वर्गात करून बघण्यासारखं

1. 'आमच्या घरचं गाणं' अशी एक वर्ग-वही करा. प्रत्येक गाण्याला सहा गोष्टी लिहायच्या: कुणी गायलं, कुठलं गाव, कुणाकडून शिकलं, कोणत्या कामाच्या किंवा सणाच्या वेळी गायचं, त्यात स्वतःचं काही घातलं का, आणि कोणत्या तारखेला लिहून घेतलं.

2. आमच्या वर्गात मराठवाडा, विदर्भापासून बिहारपर्यंतची मुलं आहेत. गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, ऐकू येईल तसं लिहू द्या. बोलीतले शब्द 'शुद्ध' करू नका. 'हाय'चं 'आहे' केलं की गाणं लंगडतं.

3. मोबाईलवर रेकॉर्ड करताना सुरुवातीला आजी-आजोबांना स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावा. गौहर जानची युक्ती. फाईल कुठंही फिरली तरी नाव बरोबर जाईल.

4. आधी विचारा. गाणं शाळेत लावू का, ग्रुपवर टाकू का, नाव सांगू का? काही गाणी घरातल्या दुःखाची असतात. ती गाणारीनं 'नको' म्हटलं तर नको.

पालकांना एकच विनंती. घरात आजी असेल तर या रविवारी अर्धा तास काढा. "तुला गाणं येतं का?" असं विचारू नका, उत्तर 'नाही' येईल. "दळताना काय म्हणायचीस?" असं विचारा.

यंदा मी त्या आजींकडे पुन्हा गेले. वर्ग-वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या सात ओव्या आहेत. पाच ओव्यांखाली त्यांच्या आईचं नाव, दोन ओव्यांखाली त्यांचं. या लेखात त्यांचं नाव लिहू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "नेटावर नको बाई. शाळेच्या वहीत ऱ्हाऊ दे, पोरं वाचतील." म्हणून इथं ते नाही. वहीत आहे. त्यांच्या नातीनं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.